नीतीचे वतन कोणाचे?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे जे स्थानक लागते, तेथे उतरणारा परगावचा प्रवासी बहुधा दोन ठिकाणांपैकी एकाची वाट विचारतो: पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची, नाहीतर नारायण महाराजांच्या बेटावरील दत्तमंदिराची. ऊस, कांदा आणि गुऱ्हाळे यांच्या या मुलखात ख्रिस्ताची प्रार्थना आणि दत्ताची आरती कित्येक पिढ्यांपासून शेजारी-शेजारी चालत आली आहे. आणि ज्याला या दोहोंपैकी कशातच गोडी नाही, असा माणूसही याच गावात ऊस लावतो, दुकान चालवतो, मुलांना शिकवतो आणि शेजाऱ्याच्या मयताला खांदा देतो. ‘देवाचे भय सुटले की माणूस मोकाट सुटतो’ असे एक पक्ष म्हणतो, ‘धर्मानेच माणसाला दांभिक केले’ असे दुसरा म्हणतो, आणि नीती ही जणू एखाद्या वतनासारखी आपल्याच घराण्याच्या नावे लागलेली आहे अशा खात्रीने दोघेही बोलतात. या दाव्याचा निवाडा तर्काने करण्यापेक्षा इतिहासाचा दाखला काढून करावा, आणि तो दाखला केडगावच्याच मातीत मिळावा, हे मला अधिक उचित वाटते.

रमाबाईंचे चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे असे आपण मानतो. परंतु त्यातील एक दुवा नेहमी नजरेआड राहतो. १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्मलेल्या, आईच्या मांडीवर संस्कृत शिकलेल्या आणि तीर्थामागून तीर्थे पायी तुडवणाऱ्या या मुलीने आपले आईबाप दुष्काळात गमावले. पुराणे सांगून, व्रते आचरून, देवापुढे होते नव्हते ते ठेवूनही अन्न मिळाले नाही, ही गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिली. पुढे कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, बिपिनबिहारींशी झालेला विवाह दोन वर्षांत वैधव्यात संपला, १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, जे पुढे पुण्यास गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणण्यास त्या स्वतः निघाल्या, तेव्हा त्या मुलींच्या जागी त्यांना आपलेच बालपण दिसले असणार, यात मला शंका वाटत नाही. प्लेगच्या त्या दिवसांत पुण्याच्या अधिकाऱ्यांनी शहरात इतक्या मुली ठेवण्यास मनाई केली. म्हणून आधी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या जमिनीवर त्या शेकडो मुलींची सोय लागली, आणि त्या माळरानाचे मुक्तिसदन झाले. तेथे मुली शेती करू लागल्या, माग चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना बोटांनी वाचता येऊ लागले. आणि समाजाने ‘पतित’ म्हणून वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. रमाबाईंनी हे सारे ख्रिस्तावरील श्रद्धेच्या बळावर केले, आणि त्यांनी ते कधी लपवले नाही.

मात्र त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, त्याच दुःखाकडे पाहणारी आणखी माणसे होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून, विटंबनेच्या भयाने पोटच्या पोरांचा जीव घेण्याची पाळी आलेल्या विधवांना आसरा दिला होता, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले होते. जोतीराव एका निर्मिकाला मानीत. पण कोणताही ग्रंथ देवाने धाडला आहे हे त्यांना मान्य नव्हते, आणि ख्रिस्ती न होताही त्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराच्या हक्काची बाजू घेतली. गोपाळ गणेश आगरकर त्यांच्याही पुढे गेले. देवाच्या अस्तित्वाचा पुरावा त्यांच्या बुद्धीला पटला नाही, मरणोत्तर फळाची त्यांना आशा नव्हती, आणि तरीही विद्वत्तेच्या बळावर मिळू शकणाऱ्या मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून, आईला तसे पत्राने कळवून, दम्याने पोखरलेल्या शरीरानिशी १८८८ पासून मरेपर्यंत ‘सुधारक’ पत्रातून ते बालविवाह आणि केशवपन यांच्याविरुद्ध लिहीत राहिले. जिवंतपणीच आपली प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्यात ते राहिले आणि १८९५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. चौथे धोंडो केशव कर्वे. देवाधर्माच्या वादात फारसे न शिरणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाने १८९३ साली शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्यापायी आपल्या मुरूड गावाचा बहिष्कार सोसला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेल्यावर महाविद्यालयातील अध्यापन आटोपून तेथवरची वाट पायी तुडवली.

एक ख्रिस्ताची भक्त, एक निर्मिकाला मानणारा, एक अज्ञेयवादी, आणि एक या प्रश्नावर मौन पत्करून काम करणारा. परलोकाविषयी या चौघांत एकवाक्यता होणे शक्य नव्हते. पण मुंडन केलेली दहा-बारा वर्षांची पोर दाराशी उभी राहिली, तर तिला आत घ्यायचे की नाही, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. उलट बाजूसही हेच दिसते. त्या पोरीला दारातून हाकलणाऱ्यांत सोवळ्यातले शास्त्री होते, तसेच इंग्रजी शिकून देवपूजा सोडलेले, सुधारणेवर टाळ्यांची व्याख्याने देणारे आणि घरात विधवा बहिणीचे केशवपन मुकाट्याने होऊ देणारे पदवीधरही होते. तेव्हा आस्तिक-नास्तिक या रेघेने माणसांची वाटणी केली तर नीती रेघेच्या दोन्ही बाजूंना सापडते, आणि अनीतीही.

याचा अर्थ श्रद्धा आणि अश्रद्धा यांनी आचरणात काहीच फरक पडत नाही, असा मात्र कोणी काढू नये. दोहोंपाशी आपापले बळ आहे. ज्यांचा आधार होता तीच माणसे दूर झाल्यावर टिकून राहण्याचे सामर्थ्य रमाबाईंना श्रद्धेने दिले. १८९३ मध्ये, शारदासदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत सामील होतात या कारणावरून रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या, तेव्हा ज्या एकाकीपणात दुसरे कोणी खचले असते, त्यात त्या उभ्या राहिल्या. आगरकरांना त्यांच्या अश्रद्धेने निराळे बळ दिले. विधवेचे दुःख हे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे आणि त्याची भरपाई पुढल्या जन्मी होईल, असे मानणाऱ्याला या जन्मी स्वस्थ बसता येते. पुढला जन्मच ज्याच्या हिशेबात नाही, त्याला न्यायाची बाकी पुढे ओढता येत नाही, ती आज आणि इथेच चुकती करावी लागते. पाहणारा वर कोणी नसताना नास्तिक सदाचाराने का वागेल, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर मला इतकेच दिसते की ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस पाहत असतो, आणि तेवढी साक्ष पुरेशी आहे.

जसे बळ, तसे दोहोंचे धोकेही वेगवेगळे आहेत. श्रद्धावानाचा धोका असा, की शेजाऱ्याचे देणे तो देवाकडे जमा करतो: मजुराची मजुरी अडवून सप्ताहाच्या पंगतीला पोते देतो आणि हिशेब फिटला असे मनाशी समजतो. त्याचा दुसरा धोका असा, की आश्रय आणि उपदेश यांची तो गल्लत करतो. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असा भरवसा पालकांना मिळाला होता, आणि आश्रितेच्या मनावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा दाब किती पडतो हा सल्लागारांचा प्रश्न सर्वस्वी निराधार नव्हता, हे रमाबाईंविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हटले पाहिजे. परंतु त्या वादात टीका करून घरी बसणारे अनेक निघाले, आणि कर्व्यांनी तीन वर्षांत आश्रम उभारला. यातला नैतिक पक्ष कोणता, ते सांगायला शास्त्राधार नको. अश्रद्धाचा धोका असा, की देव नाकारला म्हणजे आपण विवेकी झालो, असे तो धरून चालतो, आणि दुसऱ्याच्या भाबडेपणावर बोट ठेवण्यातच त्याची सारी नीती खर्ची पडते. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली, तेव्हा त्यांचे नाव अंधश्रद्धेच्या विरोधाशी जोडूनच घेतले गेले. परंतु साताऱ्यात दारूच्या व्यसनातून माणसे सोडवण्यासाठी ‘परिवर्तन’ संस्थेतून त्यांनी जे काम केले, तेही त्यांच्या विवेकवादाचाच भाग होते, आणि नुसत्या नकाराने ते झाले नसते.

आता केडगावच्या परिसरातल्या रोजच्या व्यवहाराकडे वळू. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असतो. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्याने ओढून काढतो, पाक पुरता आटला की काहील उतरवतो, आणि अशा रीतीने निघालेला गूळ रंगाने काळसर-तांबूस असतो. बाजारात मात्र पिवळ्याधमक ढेपेला भाव अधिक मिळतो. हायड्रॉस पावडरीची चिमूट जास्त पडली, किंवा उसाच्या रसात स्वस्तातली साखर मिसळली, तर रंगही येतो आणि पैसाही. आणि ती ढेप कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या घरात, कोणत्या पोराच्या भाकरीबरोबर जाईल, हे कोणालाही कळत नाही. त्या घटकेस गुऱ्हाळवाल्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, क्रूस आहे की काहीच नाही, याने त्या पोराच्या पोटात जाणाऱ्या पदार्थात रतीभर फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याचा हात आखडतो की नाही, यानेच.

याहून मोठी कसोटी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लागते. वडील वारतात, वारसनोंदीत मुलींची नावे लागतात, आणि काही महिन्यांतच बहिणींना गाडीने आणून हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. पण ‘माहेर तुटेल’ या चार-दोन शब्दांनी तो हक्क अर्ध्या तासात विरून जातो. बाहेर चहा होतो, भाऊ भाऊबिजेला साडी देण्याचे कबूल करतो, बहीण डोळे पुसून हसते, आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी होते. दस्तऐवज कायदेशीर असतो, साक्षीदार हजर असतात, मुद्रांक चिकटलेला असतो. फक्त तिच्या वाट्याची जमीन आज काय भावाने जाते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. हे करणाऱ्यांत वारीला जाणारे असतात, रविवारी प्रार्थनेला जाणारे असतात, आणि शिवजयंती-आंबेडकर जयंतीच्या व्यासपीठांवर समतेचे पाठ देणारे पुरोगामीही असतात. तारुण्यात नवरा गेला म्हणून छप्पर गमावून बसलेल्या ज्या मुलींना रमाबाईंनी आसरा दिला, त्यांच्या दुःखाचे मूळ बव्हंशी याच ठिकाणी होते: स्त्रीच्या नावावर काहीच नव्हते, त्यामुळे तिला कोणाच्या तरी दयेवर जगावे लागे. आज कायद्याने जे तिच्या नावावर केले, ते प्रेमाच्या नावाखाली काढून घेणे म्हणजे त्याच अन्यायाची पुन्हा दप्तरी नोंद करणे होय.

समाज अशा गोष्टी बदलू शकतो, आणि त्यासाठी साऱ्यांची श्रद्धा एक असावी लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. त्या ठरावाला हात वर करणाऱ्या गावकऱ्यांना कोणी त्यांचा देव विचारला नाही.

म्हणून या सदराच्या वाचकांना माझी विनंती नेमकी आणि छोटी आहे. तुमच्या घरी वाटपाचे कागद निघणार असतील, तर सही घेण्यापूर्वी बहिणीला तिच्या वाट्याची आजची किंमत रुपयांत सांगा, विचार करायला तिला महिना द्या, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर तिच्याशी बोलणे तोडू नका. ज्या भावाला हे करण्याचे बळ पांडुरंगापासून मिळते, त्याने पांडुरंगाचे स्मरण करावे. ज्याला ख्रिस्तापासून मिळते, त्याने ख्रिस्ताचे करावे. ज्याला केवळ आपल्या विवेकापासून मिळते, त्याने विवेकाला जपावे. परंतु ज्याच्याने एवढे होत नाही, त्याने आपण धार्मिक आहोत असे सांगू नये, आणि आपण बुद्धिवादी आहोत असेही सांगू नये.