दगडावरचं नाव कुणासाठी?

नळदुर्गच्या पाणीमहालात बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात एक फारसी शिलालेख आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, मीर इमादीननं हे काम पुरं केलं. लेखाचा आशय असा, की हा महाल पाहताच मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. पुढे १६८६ मध्ये आदिलशाही बुडाली. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळू लागले की आजही इथं झुंबड उडते. त्या गर्दीत फारसी वाचणारा विरळाच.

मग एवढा खटाटोप कुणासाठी?

परंड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये मुरारपंतांनी विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान तोफ हाच प्रश्न विचारते. १५४९ मध्ये अहमदनगरला ती ओतली गेली, तेव्हाचा लेख तिच्यावर होताच. विजापूर पडल्यावर औरंगजेबानं आपल्या विजयाचा लेख त्याच तोफेवर कोरवला. हाच बादशहा खुलदाबादला उघड्या आभाळाखाली, साध्या मातीच्या कबरीत आहे. संगमरवरी जाळी नंतरची. कबरीवर लिहू नये, असं हदीसमध्ये सांगितलेलं आहे. तरी दख्खनभर कुराणातल्या आयती कोरलेल्या कबरी दिसतात. धर्म काहीही सांगो, माणसाला आपलं माणूस पुसलं जाऊ द्यायचं नसतं.

हिंदूंमध्ये दहन झालं, अस्थी नदीत गेल्या, की दगड ठेवायचं कारणच उरत नाही. तरीही मराठवाड्यात गावोगावी, मारुतीच्या पारापाशी नाहीतर वेशीबाहेर, वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कधी सोडवून आणलेल्या गाई. मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर कन्नड लेख आढळतात. आपल्याकडचे बहुतेक मुके. ज्या गावासाठी तो पडला, त्या गावाला नाव ठाऊकच होतं, ते कशाला कोरायचं? चार पिढ्यांनी ते गेलं. मात्र शेंदूर लागत राहिला. शिवापुढे पोचलेल्याला नावाची गरज काय, असं हे दगडच सुचवतात. पण मागं राहिलेल्यांना ती गरज असते, आणि इथं मुक्या दगडाचा उणेपणा जाणवतो.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट वेगळी. त्यांनी १३१७ मध्ये समाधी घेतली, आणि चैत्र वद्यात अजूनही तिथं दिंड्या येतात. तिथं आठवण टिकवायचं काम शिलालेखाकडे नाही, वारीकडे आहे. कुठल्याही राजाला हेवा वाटावा, अशी ही सोय.

पण अक्षरांनाही शहाणपण सुचू शकतं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या अखेरीस, जो हे वाचेल तो विजयी होईल, असा आशीर्वाद आहे. नळदुर्गचा लेख शत्रूला धमकावतो, हा वाचणाऱ्याचं भलं चिंततो. दोन्हींत मोठा कुडलचा.

अशी अक्षरं आज जीर्णोद्धारात ऑइल पेंटखाली आणि फरशांमागं गडप होतात. गावातल्या देवळाचं काम निघालं, तर रंगाचा डबा उघडण्याआधी भिंती, खांब आणि आवारातले दगड नीट पाहा. अक्षर दिसलं तर तिरप्या उजेडात फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.