ज्याला गुरुजी नाहीत त्याचं पुस्तक

शाळेतलं पुस्तक वाईट निघालं तरी फार बिघडत नाही. समोर बाई असतात, त्या सांभाळून घेतात. स्वयंशिक्षणाच्या पुस्तकाला ही सवलत नाही. ते उघडणारा माणूस एकटा असतो, बहुतेक वेळा दिवसभराचं काम उरकून बसलेला असतो, आणि अडलं तर विचारायला कुणी नसतं. पुस्तकाने जे सांगितलं नाही, ते त्याच्यापुरतं जगात नाहीच. म्हणून अशा पुस्तकाने काय सांगायचं आणि काय गाळायचं, हा प्रश्न मला शिकवण्याच्या पद्धतीइतकाच नीतीचाही वाटतो.

मराठी माणसाने घरबसल्या इंग्रजी शिकायचं, तर कित्येक पिढ्या एकच नाव होतं: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. पद्धत साधी आणि निर्दय. आधी नियम, मग शब्द, मग वाक्यं. ही इंग्रजीतून मराठीत करा, ती मराठीतून इंग्रजीत करा. चित्रं नाहीत, शाबासकी नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1860च्या दशकात लिहिलेली संस्कृतची दोन पुस्तकं याच जातीची. वाचणारा कंटाळेल अशी काळजी या मंडळींनी केलेली दिसत नाही. पण तो समजून घेऊ शकतो, याबद्दल त्यांना शंकाही नव्हती.

पुढे रॅपिडेक्स आलं. दिल्लीच्या पुस्तक महलचं, 60 दिवसांचा वायदा करणारं, जाहिरातीत कपिल देव. एसटी स्टँडच्या बुकस्टॉलवर ते टांगलेलं असायचं. त्याने नियम पूर्ण सोडले नाहीत, पण वजन संभाषणावर टाकलं: दुकानात काय म्हणायचं, पाहुणे आले तर काय म्हणायचं. मग 30 दिवसांची पुस्तकं आली. आणि आता फोनवरची अ‍ॅप्स, ज्यांत बरेचदा नियम समोर येतच नाही. वाक्य येतं, आपण टॅप करतो, हिरवं होतं, पुढे.

फरक नेमका कुठे पडतो? ‘व्हॉट डू यू वाँट?’ हे वाक्य घ्या. पाठ करायला दहा सेकंद लागतात आणि दुकानात ते लगेच कामाला येतं. पण उद्या ‘त्याला काय हवंय?’ असं विचारायचं झालं, की पाठ केलेला माणूस ‘व्हॉट डू ही वाँट?’ म्हणणार. जुन्या पद्धतीचं पुस्तक इथे थांबवून सांगतं की या ‘डू’ला स्वतःचा अर्थ नाही, तो प्रश्न उभा करायला आणलेला गडी आहे. आपण मराठीत नुसतं ‘का’ जोडतो, इंग्रजीला हा गडी लागतो. ‘ही’ आला की ‘वाँट’च्या शेपटीचा ‘एस’ हा गडी उचलून घेतो, म्हणून ‘डज ही वाँट’. हे एकदा कळलं की हजार वाक्यं मोकळी होतात. नाही कळलं, तर प्रत्येक वाक्य वेगळं विकत घ्यावं लागतं.

विकत हा शब्द मी मुद्दाम वापरला. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात माणूस उद्या परत आला का, हे रोज मोजतात आणि त्याला रिटेन्शन म्हणतात. सलग किती दिवस आलात याचा आकडा, तो तुटेल ही भीती, रात्री साडेदहाची आठवण, हे सगळं त्या मोजमापातून जन्मलेलं आहे. जुन्या पाठमालेला तुम्ही परत यावं अशी घाई नव्हती. तिला तुम्ही शेवटचा धडा संपवून तिला फळीवर ठेवून द्यावं, एवढंच हवं होतं. तिचा पैसा पहिल्याच दिवशी मिळालेला असे. यात लेखकांच्या साधुत्वापेक्षा व्यवहाराचा भाग मोठा आहे, हे मान्य.

इथपर्यंत जुन्याची बाजू सोपी आहे. पण आमच्या घरी आजोबांची पाठमाला आहे आणि आजोबाही आठवतात. इंग्रजी अर्ज ते बिनचूक लिहायचे, अर्ध्या गावाचे लिहून द्यायचे. पण मुंबईचा साहेब समोर उभा राहिला की तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्या पुस्तकाने त्यांना भाषेचं यंत्र उघडून दाखवलं, पण ते चालवण्याची हिंमत दिली नाही. उलट एक सवय लावली: वाक्य मनात पूर्ण तपासून झाल्याशिवाय बोलायचं नाही. नियम ही शिडी असते, तशीच देवडीही असते. पहारा बसला की आत जाणारे थोडेच उरतात.

आमच्या आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते एकमेकांना छेदतात. शेजारच्या आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे थांबला, अशी श्रद्धा आहे. या कथेत रेड्याला अर्थ कळला का, असं कुणी विचारत नाही. तो कथेचा मुद्दाच नाही. उच्चारावर कुणाची मालकी नाही, हे त्या दिवशी दाखवायचं होतं. नव्या पुस्तकांची सगळ्यात चांगली बाजू मला हीच वाटते. ती म्हणतात, तू आधी बोल, कुणाची परवानगी लागत नाही. चाकणच्या कारखान्यात पहिल्या दिवशी उभ्या राहिलेल्या पोराला याची किंमत विचारा.

पण ज्ञानेश्वर रेड्यापाशी थांबले नाहीत. वेद वदवल्याने अधिकार सिद्ध झाला, अर्थ पोचला नव्हता. तो पोचवायला शके 1212 मध्ये नेवाशाला गीतेवर मराठीत टीका सांगावी लागली. मराठीत, म्हणजे ऐकणारा जिथे उभा होता तिथून.

जुन्या पुस्तकांचं श्रेय मला सर्वांत जास्त इथे द्यावंसं वाटतं. ती मराठीत उभी राहून इंग्रजी मोजत. तुमच्या भाषेत हे असं होतं, तिकडे तसं होतं. शिकणाऱ्याला जे आधीपासून येतं, ते त्यांच्या लेखी भांडवल होतं. नव्या साधनांत शिकणाऱ्याची भाषा हा सेटिंगमधला एक पर्याय असतो, तोही असला तर.

माझा चुलत भाऊ सध्या जपानी शिकतोय, अर्थातच नोकरीसाठी. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक वापरतो, जे पुण्यात जपानी शिकणाऱ्या पुष्कळांच्या हातात दिसतं. मुख्य पुस्तक सगळं जपानीत. पहिल्या धड्यात मिलर नावाचा कंपनीतला माणूस स्वतःची ओळख करून देतो, म्हणजे वाचकाला नोकरदाराची भूमिका पहिल्याच पानावर मिळते. व्याकरण वेगळ्या पुस्तकात, भावाकडे ते इंग्रजीतलं आहे. त्यात क्रियापद शेवटी येतं, नामाच्या मागे छोटे शब्द लागतात, हे इंग्रजी वाचकाला समजावताना बरीच जागा खर्ची पडते. मराठी माणसाला यात नवल ते काय? आपलंही क्रियापद शेवटीच येतं, आपणही ‘ला’, ‘हून’, ‘त’ मागेच लावतो. जे घरचं होतं, ते परदेशी म्हणून दोन भाषा ओलांडून त्याच्यापर्यंत आलं.

त्याला ते आपोआप दिसलं, कुणी सांगितलं नाही. वहीच्या समासात त्याने ‘ओ = ला’ असं लिहिलं होतं. चारपाच पानांनंतर अडला. आपण रामला बोलावतो, पण आंबा नुसताच खातो, आंब्याला खात नाही. जपानीत दोन्हीकडे ‘ओ’ लागतो. त्याने जुनी नोंद खोडली नाही. शेजारी बारीक अक्षरात जोडलं: ‘आंब्यालापण’.