न पुसलेला प्लग

भाद्रपदातली उघाड फार दिवस टिकत नाही. काळ्या जमिनीत पाय रुतायचा थांबला, वाफसा झाला, की वऱ्हाडात फवारणीची एकच घाई उडते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ती जरा जास्तच. इथं विहिरीचं पाणी खारं, त्यामुळं ओलिताचा भरवसा नाही. कपाशी आणि तूर हातची गेली तर पुढं जमिनीच्या ओलाव्यावर येणाऱ्या हरभऱ्यावरच सगळी भिस्त.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ होते. बाप गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या आणि वावरात मधोमध धुरा पडला. बैल, बंडी, टिनाचं शेड, सगळ्यांची वाटणी झाली. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप मात्र एकच राहिला, कारण तो कापून अर्धा-अर्धा करता येत नव्हता. एक दिवस थोरल्यानं वापरायचा, एक दिवस धाकट्यानं. पेट्रोलचा पाच लिटरचा कॅन मायच्या ओसरीवर राहायचा. बोलणं जवळपास बंदच होतं. जे काही सांगायचं ते माय मधात राहून सांगायची.

अबोल्याचं मूळही त्या पंपातच होतं. तीन वर्षांपूर्वी थोरल्याच्या पाठीवर असताना तो जाम झाला होता. पिस्टन सिलिंडरला धरला आणि बोअर-पिस्टनचा सगळा खर्च अंगावर आला. या पंपाचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे त्याला खाली वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल कालवायचं. तेच पिस्टनला, रिंगला आणि बेअरिंगला वंगण देतं आणि पेट्रोलसोबत जळून जातं. ऑइल टाकायचं राहिलं तर थोड्याच वेळात धातूवर धातू घासतो. तेव्हा कोरं पेट्रोल कॅनमध्ये कोणी भरलं? थोरला म्हणे धाकट्यानं, धाकटा म्हणे थोरल्यानं. खरं काय ते कधी ठरलंच नाही.

या वर्षी वेगळंच दुखणं सुरू झालं. पंप सुरू व्हायचा, दोन टाक्या फवारून व्हायच्या, मग आवाज फुटका यायचा, नळीतून धुराचा लोट निघायचा आणि इंजिन बसायचं. दोरी ओढून ओढून हात दुखायला लागायचे. प्लग काढला की काळाकुट्ट. धाकटा तो पॉलिश पेपरनं घासायचा, शर्टाला पुसायचा आणि परत बसवायचा. नाहीच चालला तर नवा. अकोल्याला गेला तेव्हा त्यानं प्लगची अख्खी डबीच आणली. नवा प्लग एक दिवस चालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिकडे बोंडअळी काही कोणासाठी थांबत नव्हती.

शेवटी तो पंप आणि पेट्रोलचा कॅन मोटारसायकलला बांधून, पूर्णा ओलांडून मूर्तिजापूरला एका जुन्या मिस्त्रीकडे गेला. या मिस्त्रीचा हात बसला तो राजदूत, येझदी आणि लुनावर. 1972 साली लुना आली आणि खेड्यातले मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले तिच्यावर फिरायला लागले. मग आरएक्स हंड्रेड आली. पेट्रोल पंपावर तेव्हा टू-टी ऑइलचं वेगळं यंत्र असायचं. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, पण ते टू-स्ट्रोक इंजिन शेतात उरलं. फवारणी पंपात आहे, गवत कापायच्या मशीनमध्ये आहे. त्यामुळं मिस्त्रीची विद्या वाया गेली नाही. ती वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण असे हात आता थोडेच उरलेत.

धाकट्यानं पंप उतरवला, प्लग खोलला आणि दोन्ही हात मोकळे करायला तो दातात धरला.

मिस्त्री ओरडलाच. "काढ तो तोंडातून! कायची फवारणी करून आला तू? जाय, त्या नळावर साबणानं हात धू, चूळ भर. मंग बोलू."

2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. मिस्त्रीनं पुढं जे केलं ते हुशारीचं होतं, पण त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं काम मी हेच मानतो.

पोरगा हात धुऊन आला. मिस्त्रीनं प्लग उजेडात धरला. चकचकीत होता.

"हा पुसून काहून आणला?"

"काळा झालता काकाजी, म्हणून पुसला."

"मंग आता मी त्याच्यावर काय वाचू? त्यानं लेहून ठेवलं, तू पुसून टाकलं."

मग त्यानं सांगितलं. प्लगच्या टोकाशी पांढरी चिनी माती असते. तिच्यावर काजळी किंवा ऑइलचा थर बसला की करंट फटीतून उडी मारत नाही, थरावरूनच अंगात उतरून जातो. ठिणगीच पडत नाही. पण थर कसा आहे ते पाहावं लागतं. कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय: चोक अर्धा लागलेला राहिला असेल, नाहीतर एअर फिल्टरचा स्पंज कचऱ्यानं कोंदला असेल. पांढरा फटक पडला तर पेट्रोल कमी, कुठून तरी हवा शिरतेय, इंजिन तापतंय. हे सगळ्यात धोक्याचं. बदामी रंग आला तर सगळं ठीक. आणि काळा, ओला, चिकट थर असेल तर ऑइल. नुसता मंद चालवला तरीही थर साचतो, कारण प्लग पुरेसा तापला तरच त्याच्यावरची काजळी आपोआप जळते.

"वरतं जाऊन मोकळ्या जागेत टाकीभर साधं पाणी फवार. फुल रेसवर असतानाच बंद कर. मंद करून बंद करू नको. थंडा झाला की प्लग खोल, अन् पुसू नको. कागदात गुंडाळून आण."

पोरानं तसं केलं. कागद उघडला तर प्लग ओला, काळा, ऑइलनं माखलेला. मिस्त्रीनं तरी घाई केली नाही. स्पंज काढून पाहिला, मळला होता तो धुतला. चोक मोकळा होता. प्लग धुऊन, इंजिनच्या अंगाला टेकवून दोरी ओढली; ठिणगी निळी, कडक. गॅप बरोबर होता. म्हणजे बाकी कुठं खोट नव्हती.

"ऑइल किती टाकतं?"

"पाचाच्या कॅनले दोनशे मिली. पुस्तकात लेहेल हाय तसंच. पंचवीसले एक. पेट्रोल पंपावरच पुडी फोडून टाकतो मी, विसरू नये म्हणून."

हिशेब चोख होता. मिस्त्रीनं कॅनमधल्या पेट्रोलचा एक थेंब जुन्या वर्तमानपत्रावर सोडला. बाजूला आपल्या बाटलीतला, स्वतः मोजून कालवलेला, दुसरा थेंब. पेट्रोल उडून गेलं. मिस्त्रीच्या थेंबाचा फिकट डाग राहिला. कॅनच्या थेंबाखाली कागद भज्याच्या कागदासारखा पारदर्शक झाला; मागची अक्षरं दिसायला लागली.

"तू दोनशे टाकतं, मले पटलं. बाकीचं कोण टाकते?"

पोरगा कागदाकडं पाहत राहिला. खूप वेळानं म्हणाला, "कॅन रातभर मायच्या ओसरीवर राह्यते."

"तुह्या भावाले बोलाव."

"आमचं बोलणं नाही, काकाजी."

"बोलू नको. बोलाव म्हटलं मी." आणि त्यानंच नंबर घेऊन फोन लावला.

थोरला दुपारी एसटीनं आला. येताना पिशवीत टू-टी ऑइलची अर्धी बाटली होती, स्वतःच्या पैशानं घेतलेली. मिस्त्रीनं विचारलं तसं त्यानं सरळ सांगितलं. हा पेट्रोल आणून ठेवतो, पण ऑइल टाकलं की नाही कोण सांगणार? एकदा पंप जाम होऊन चुकला होता, पुन्हा नको. म्हणून रात्री सगळे झोपले की तो मापानं दोनशे मिली ओतायचा. कॅन जुना, मळका. आत आधीच ऑइल आहे हे रंगावरून कळायची सोय नव्हती.

दोघांनीही पंपाची काळजीच घेतली होती. दोघांचंही माप अचूक होतं. शिवाय ऑइलचा खर्च दोघंही गुपचूप सोसत होते, आणि दुसरा चिंगूस आहे असं मनात धरून होते. मला यात जास्त लागलं ते हे, की एकानं जरी दुसऱ्याला फसवलं असतं तरी पंप चालला असता.

"जादा ऑइल झालं तं इंजिनले बरंच ना, काकाजी?" थोरल्यानं विचारलं. हा समज गावोगाव आहे.

"बरं कायचं? ऑइल वाढलं तेवढं पेट्रोल घटलं. जळत नाही, नुसतं साचते. हे पाह्य."

त्यानं सायलेन्सर खोलून दाखवला. धूर जायच्या भोकाभोवती कार्बनचा कडक काळा थर चढून भोक निम्मं बुजलं होतं. नुसतं ऑइल बरोबर करून आता भागणार नव्हतं. हे खरवडावंच लागणार होतं. खरवडताना पिस्टन वर सरकवून भोकासमोर आणून ठेवावा लागतो, म्हणजे खपल्या सिलिंडरमध्ये पडत नाहीत, आणि तो हलू नये म्हणून कोणाला तरी फिरकी धरून ठेवावी लागते. मिस्त्रीनं फिरकी थोरल्याच्या हातात दिली आणि लाकडाची पट्टी धाकट्याच्या. स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काम तासभर चाललं. पहिले काही क्षण दोघं गप्प होते. मग "जरा सोड", "थांब, आता धर", "उजवीकडं अजून राह्यलं" असं सुरू झालं. त्यात भांडणाचं काही नव्हतं, समेटाचंही नव्हतं. कामाला लागेल तेवढंच बोलणं. दरम्यान मिस्त्रीनं धाकट्याच्या डबीतले सगळे काळे प्लग पेट्रोलमध्ये भिजवले, ब्रशनं धुतले, वाळवले आणि एकेक करून ठिणगी पाहिली. एकही खराब निघाला नाही.

कॅनमधलं पेट्रोल त्यानं फेकू दिलं नाही. मोजून तेवढंच कोरं पेट्रोल त्यात मिसळायला लावलं, म्हणजे प्रमाण जागेवर आलं. मग कॅनच्या दांड्याला एक चिंधी बांधली.

"ऑइल कालवलं की ही बांधायची. कॅन रिकामा झाला की सोडायची. चिंधी दिसली तं दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आता सांगा, उद्यापासून कोण कालवणार?"

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं.

"दादा कालवीन," धाकटा म्हणाला. "मी कोरंच आणून ठेवत जाईन."