पाचशेचा स्टॅम्पपेपर

दहिवली, कर्जत

चि. सौ. पोरी,

'सौ.' लिहिताना हात थबकला, पण लिहिलं. तू पाठवलेला कागद वाचला. पाचशेचा स्टॅम्पपेपर, दोघांच्या सह्या, चार पंचांचे अंगठे, खाली नोटरीचा शिक्का. दादा म्हणतो, झाली सोडचिठ्ठी. नाही झाली गं. जमातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात. एरवी हुकूमनामा कोर्टाचाच लागतो. या कागदाच्या जोरावर तुझ्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा, आणि तू केलंस तरी गुन्हाच.

दोघांनाही वेगळं व्हायचंय ना? मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम १३-ब आहे. वर्षभर वेगळे राहिलात की दोघांच्या सहीने अर्ज, मग सहा महिने थांबून पुन्हा जबाब. तुला माहेरी येऊन दीड वर्ष उलटलंय, समेटाची आशा नाही; अशा वेळी ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. मात्र माफी मागावी लागते. आणि दुसऱ्या जबाबापर्यंत तो मागे फिरू शकतो, म्हणून दागिने-पैसे कधी मिळणार ते अर्जातच लिहून घे.

कोर्टासाठी कल्याणला खेटे घालायची भीती सोड. बायकोला ती राहते त्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज करता येतो. वकिलाची फी? बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुझ्या हद्दीतल्या खालापूर कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी कर.

त्या कागदातल्या एका ओळीने मात्र माझं डोकं फिरलं. 'मुलीसाठी पोटगी मागणार नाही.' अगं, ती पोटगी लेकीची आहे. ती सोडून देणारी तू कोण?

नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सुनावलं होतं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. तेव्हा हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ ला आला. आणि तू पंचांच्या अंगठ्यांवर विसंबतेस?

लग्नपत्रिका, फोटो, आधार कार्ड, सोनाराच्या पावत्या एका पिशवीत घालून ठेव. तो कागद रागाने फाडू नकोस. तुम्ही कधीपासून वेगळे राहता, ते त्यावर त्याच्याच सहीने लिहिलेलं आहे.

तुझी
आत्या