बरे वाटल्यानंतरची गोळी

क्षयाच्या औषधांना गुण लवकर येतो आणि पेच तिथूनच सुरू होतो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा: आधी दोन महिने चार औषधे, मग चार महिने तीन. ताप-खोकला मात्र बहुधा काही आठवड्यांतच ओसरतो, भूक लागते, माणूस कामावर जातो. उरलेले महिने सुस्त पडून राहिलेल्या जंतूंसाठी असतात. ते रुग्णाला जाणवत नाहीत. मळमळ आणि सांधेदुखी जाणवते. बरे वाटणाऱ्याला रोज गोळी घ्यायला लावण्याचा अधिकार इतरांना कुठून मिळतो?

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडले, की दुसऱ्याला इजा होत असेल तरच कोणाच्या स्वातंत्र्यात हात घालावा. क्षय हवेतून पसरतो, म्हणून उत्तर सरळ वाटते. पण औषध लागू पडले की संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. मग उरतो तो रोग उलटण्याचा आणि औषधांना दाद न देणारे जंतू फोफावण्याचा धोका. तो खरा असला, तरी पुढचा आहे. त्याच्या बळावर देखरेख करता येईल, धाकदपटशा नव्हे.

रुग्णाला दोष देण्याची सवय जुनी आहे. चरकसंहितेतल्या कथेत चंद्र इतर पत्नींना डावलून रोहिणीतच रमला, म्हणून दक्षाच्या कोपाने त्याला राजयक्ष्मा जडला. (तिथेही अश्विनीकुमार त्याच्यावर उपचार करतातच, हे सहसा कोणी सांगत नाही.) १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने जंतू दाखवला, तेव्हा हे पाप धुतले जायला हवे होते. ते फक्त सरकले: आजार होण्यावरून उपचार सोडण्यावर.

मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले, की दाटीवाटीच्या घरात, बेताच्या अन्नावर राहूनही औषधांनी रुग्ण सॅनेटोरियमइतकेच बरे होऊ शकतात. रुग्ण कोंडवाड्यातून सुटला, पण नियमिततेचा भार त्याच्या घरावर आला. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, सातत्य आणि आदर या तीन अटी घातल्या. पहिल्या दोन रुग्णाकडून मागितल्या जातात. तिसरी उपचार देणाऱ्यानेही पाळायची असते. मजुरी बुडवून रांगेत उभे करणारे केंद्र ती पाळत नाही. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. ही मदत म्हणजे उपकार नव्हे, मागितलेल्या शिस्तीची परतफेड आहे. बीडचा ऊसतोड कामगार हंगामात कारखान्याच्या फडावर गेला, तर त्याची औषधे आणि नोंद तिथे पोहोचवणे हे यंत्रणेचे काम. ती पोहोचली नाहीत, तर खंड त्याने पाडला असे म्हणता येत नाही.