न आलेले गिऱ्हाईक

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. दोन्ही पक्षांच्या संमतीने, नावे वगळून, ती येथे सांगत आहोत. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे संध्याकाळच्या मिस्सानंतर पडवीत येऊन बसले. लग्नानंतरची चार वर्षे भाड्याच्या खोलीत काढलेली. एका आजीबाईंची जुनी सदनिका त्यांच्या मनात भरली होती. किंमत थोडी कमी होईल काय, असे ते विचारणार, तोच दलालाचा निरोप आला : दुसरे गिऱ्हाईक पन्नास हजार जास्त देऊन उद्या सकाळी बयाणा ठेवणार आहे, घर हवे असेल तर आज रात्रीच काय ते ठरवा. त्यांनी रात्रीतून उसनवारी केली आणि सांगितलेल्या किमतीपेक्षा पन्नास हजार अधिक कबूल केले. पुढे करारनाम्याच्या वेळी आजीबाईंच्या बोलण्यातून सहज उमगले, की त्या घराला दुसरे गिऱ्हाईक कधी आलेच नव्हते.

दलालही आपल्यातलाच, कष्टाळू, चर्चच्या कार्याला सढळ हाताने मदत करणारा. त्याला विचारले तेव्हा तो मनापासून म्हणाला, "फादर, मी कोणाला फसवले? बाजारात सगळेच असे बोलतात. घर चांगले आहे, आणि किंमतही भावाला धरूनच आहे." त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणूनच तो टाळता येण्याजोगा नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात एक कथा आहे. सिराक्यूज शहरातील एका सावकाराने आपली बाग विकण्यासाठी कोळ्यांना पढवून ठेवले. गिऱ्हाईक जेवायला आले, तेव्हा बागेसमोर होड्यांची दाटी आणि पायाशी ताज्या मासळीची रास! गिऱ्हाइकाने मागितली ती किंमत मोजली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर एकही होडी नाही. शेजाऱ्याने सांगितले, येथे कधीच कोणी मासेमारी करीत नाही. काल एवढ्या होड्या पाहून आम्हालाच नवल वाटले. याच विवेचनात सिसेरो बजावतो, की विकणाऱ्याने भाव चढविण्यासाठी खोटा बोलीदार उभा करू नये आणि घेणाऱ्यानेही भाव पाडण्यासाठी तसे करू नये. त्या होड्या आणि आपल्या दलालाचे गिऱ्हाईक, दोन्ही एकाच जातीची.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. मौन वेगळे आणि असत्य वेगळे. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्विनस यांनी धान्यविक्रेत्याचा प्रश्न चर्चिला आहे. मागाहून आणखी धान्य येत असल्याचे त्याने सांगितले नाही, तरी काटेकोर न्यायाचा भंग होत नाही; सांगितले तर तो अधिक सद्गुणी ठरेल. म्हणजे आजीबाई शेवटी कितीवर येतील, हे दलालाने पोटात ठेवले तर त्याला दोष नाही; तो त्यांचा विश्वास आहे. खरेच दुसरे गिऱ्हाईक असेल, तर तसे सांगण्यासही हरकत नाही. परंतु नसलेला माणूस उभा करणे हे मौन नव्हे, ती खोटी साक्ष आहे.

"सगळेच असे बोलतात" या युक्तिवादाचे काय? कोणीच विश्वास ठेवीत नसते, तर हे वाक्य कोणी उच्चारलेच नसते. मुरलेला व्यापारी ते ऐकून हसतो; फसतात ती पहिलेच घर घेणारी साधी माणसे. किंमत भावाला धरून असेलही. पण त्या जोडप्याची विचार करण्याची, वडीलधाऱ्यांना विचारण्याची एक रात्र भीती घालून हिरावून घेतली गेली. शिवाय आपल्याकडे दलाल पुष्कळदा दोन्ही बाजूंची दलाली घेतो. दोघांचे मीठ खाणाऱ्याने एकाला अंधारात ढकलू नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि दिशाभूल करणारी विधाने अनुचित ठरविली. परंतु जुन्या घरांचे बहुतेक व्यवहार त्या चौकटीबाहेर राहतात. तेथे पहारा सदसद्विवेकाचाच.

हे सारे दलालाला ऐकवीत असताना आमच्याच घशात काही अडकले. गेल्या पावसाळ्यापूर्वी चर्चच्या छपराचे काम देताना कंत्राटदाराला आम्ही म्हणालो होतो, "दुसऱ्याने याहून कमी दर सांगितला आहे." दुसरा कोणीही नव्हता. पैसा देवळाचा वाचला, म्हणून आम्ही ते पुण्यच समजलो होतो! वस्तूला नावे ठेवून मग घरी जाऊन फुशारकी मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या पुस्तकात आहे. तो आम्हीच, हे तोवर जाणवले नव्हते. कंत्राटदाराला बोलावून खरे सांगितले आणि कमी केलेली रक्कम चुकती केली. लाज वाटली, पण त्या रात्री झोप चांगली लागली.

दलालाला हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फादर, ते पन्नास हजार आजीबाईंकडे गेले. त्यांना तर मी गिऱ्हाईक खुशीने देते आहे असे सांगितले होते. माझ्या वाट्याला फक्त दलाली आली. मग परत कोणी करायचे?" प्रश्न अवघड खरा. परंतु नुकसान ज्याच्या असत्यामुळे झाले, भरपाईचा भार प्रथम त्याच्यावर. लाभ दुसऱ्याच्या पदरात पडला म्हणून तो उतरत नाही, अशीच ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. त्या माणसालाही संसार आहे, हे आम्ही जाणतो. एकदम जमत नसेल तर हप्त्याने दे, एवढेच आम्ही म्हणालो.

त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. मात्र रविवारी तो आणि ते जोडपे एकाच मिस्साला असतात, आणि शांतीचे अभिवादन करण्याच्या क्षणी त्याची मान खाली जाते. वाचकहो, त्या खाली गेलेल्या मानेवर आमची आशा आहे.