खरं बोलणारा खलनायक

पिक्सारचा ‘अप’ २००९चा. त्या वर्षीच्या कान महोत्सवाचा पडदा याच चित्रपटाने उघडला. ॲनिमेशनपटाला तो मान प्रथमच मिळाला. आपल्याकडे मात्र तो ‘पोरांचा सिनेमा’ म्हणूनच लावला जातो. पोरांना फुग्यांवर उडणारं घर आणि बोलणारा कुत्रा आवडतो. मोठी माणसं सुरुवातीलाच डोळे पुसतात, कार्ल आणि एलीचा अख्खा संसार संवादांविना सरकतो तेव्हा. त्यावर पुष्कळ बोलून झालंय. मला सोडत नाही तो त्यातला खलनायक.

चार्ल्स मंट्झ हा नावाजलेला शोधक. दक्षिण अमेरिकेतून त्याने अजस्र पक्ष्याचा सांगाडा आणला. शास्त्रज्ञांनी तो बनावट ठरवला. जिवंत पक्षी आणल्याशिवाय परतणार नाही, अशी प्रतिज्ञा करून मंट्झ गेला तो तिथेच म्हातारा झाला. आणि गंमत म्हणजे तो खरंच बोलत होता. पक्षी आहे! पण झालेला अन्याय त्याने इतकी वर्षं पोसला, की वाट चुकून आलेला प्रत्येक जण त्याला चोर वाटू लागला. त्या अभाग्यांची शिरस्त्राणं काठीने एकेक खाली पाडत तो कार्लला त्यांची हकिगत ऐकवतो. अंगावर काटा येतो.

कार्लही शब्दाचा पक्का. बायको एली गेली, तरी तिला दक्षिण अमेरिकेला नेण्याच्या वचनापायी तो तिथे पोचून घर पाण्याच्या नळीने ओढत नेतो. मंट्झ घराला आग लावतो तेव्हा कार्ल घराकडे धावतो आणि पक्षीण पकडली जाते. भीष्माच्या प्रतिज्ञेचं आपल्याला भारी कौतुक. तिची किंमत काय पडली, ते अंबेला विचारावं.

पुढे एलीच्या वहीची न उघडलेली पानं कार्ल उलटतो. तिने त्याला केव्हाच मोकळं केलेलं असतं. मग तो घरातलं सामान बाहेर फेकतो आणि घर पुन्हा उडतं. मंट्झला असं मोकळं करणारं कोणीच नव्हतं. त्याच्याशी बोलायचे ते कुत्रे, तेही त्यानेच बनवलेल्या पट्ट्यांतून.

शेवटी मंट्झ आकाशातून कोसळतो, मुलं टाळ्या पिटतात. सांगाडा खरा होता, हे कार्लला ठाऊक आहे. पण मंट्झवरचा डाग पुसायचा तर पक्षिणीचा पत्ता सांगावा लागणार, आणि मग तिच्या पिल्लांमागे किती मंट्झ लागतील! चित्रपट हा पेच उच्चारतही नाही. जगाच्या दप्तरी मंट्झ लबाडच राहतो. कार्लच्या जागी मीही गप्पच बसलो असतो, असं वाटतं.